मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी मृत्युपत्रात तरतूद करताना

प्रश्न: मी निवृत्त शिक्षिका आहे. मूलबाळ नाही. राहतं घर, काही ठेवी आणि थोडे शेअर आहेत. दोन भाच्यांना त्यांचा वाटा दिल्यावर जे उरेल ते मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी ठेवावं असं मनात आहे. वर्गात हळूहळू गप्प होत गेलेली आणि एक दिवस यायचीच बंद झालेली मुलं अजून डोळ्यांसमोर येतात. एखाद्या संस्थेला खेळघर बांधून द्यावं असं वाटतं. मृत्युपत्रात हे कसं लिहावं, अटी किती घालाव्यात आणि भाच्यांना आधी सांगावं का?

उत्तर:

बाई, आधी खेळघराबद्दल बोलतो. मी मुलांच्या मानसोपचारात आयुष्य काढलं. आता अशाच एका संस्थेचा विश्वस्त म्हणून लोकांनी मागे ठेवलेली मृत्युपत्रं वाचायचं काम माझ्याकडे असतं. दोन्हीकडचं पाहून सांगतो: इमारतीसाठी पैसे बांधून ठेवू नका, माणसांसाठी ठेवा.

आठ वर्षांचा एक मुलगा डोळ्यांसमोर आणा. अशी मुलं आमच्याकडे नेहमी येतात, त्यामुळे हा कोणी एक मुलगा नव्हे. शाळेच्या दिवशी सकाळी त्याचं पोट दुखतं, सुट्टीच्या दिवशी दुखत नाही. पोटाच्या सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. पहिल्या भेटीत तो आईच्या पाठीमागे उभा राहतो. दुसऱ्या भेटीत वाळूच्या ट्रेमध्ये गाड्या ओळीने लावतो, एक शब्द बोलत नाही. चौथ्या-पाचव्या भेटीत बाहुल्यांच्या घरातली म्हातारीची बाहुली उचलतो, पलंगाखाली सरकवतो आणि म्हणतो, "ही उठत नाही." आईला विचारल्यावर कळतं, की तो शाळेत असताना घरी आजी गेली. त्याला त्रास होऊ नये म्हणून कोणी नीट सांगितलंच नाही. आपण शाळेत गेलो की मागे घरातलं माणूस नाहीसं होतं, असा हिशेब त्याने मनाशी मांडलाय. पोट दुखणारच.

हे पाहून कोणालाही वाटेल की वाळूने आणि बाहुल्यांनी काम केलं. वाळूचा ट्रे कोणताही सुतार करून देईल. काम केलं ते पाचव्या भेटीपर्यंत घाई न करता त्याच्या शेजारी जमिनीवर बसून राहिलेल्या माणसाने. खोलीतल्या त्या एका तासामागे खोलीबाहेरचे दोन-तीन तास असतात. आईवडिलांशी वेगळं बोलायचं, वर्गशिक्षिकेला फोन करायचा, नोंदी लिहायच्या आणि अनुभवी सहकाऱ्यासमोर बसून आपण लावलेला अर्थ बरोबर आहे का ते तपासून घ्यायचं. या शेवटच्या गोष्टीला आम्ही सुपरव्हिजन म्हणतो. मुलांसोबत काम करणारा तरुण समुपदेशक त्यावरच तगतो. ते नसेल तर दोन-तीन वर्षांत थकून दुसरीकडे निघून जातो. देणगीदाराला दाखवायला यातलं काहीच नसतं. याचा फोटो निघत नाही, यावर पाटी लागत नाही. त्यामुळे याच कामाला पैसे मिळत नाहीत.

संस्थांना मिळणारा बराचसा निधी वर्षा-दोन वर्षांच्या प्रकल्पासाठी असतो. प्रकल्प संपला की पगार थांबतो आणि समुपदेशक जातो. मुलाच्या बाजूने पाहा. ज्या माणसापाशी तोंड उघडायला त्याला चार महिने लागले, तो माणूस पाचव्या महिन्यापासून दिसत नाही. आधीच कोणीतरी सोडून गेल्यामुळे आमच्याकडे आलेल्या मुलाला आम्हीच पुन्हा सोडून देतो. माझ्या व्यवसायातली मला सगळ्यात जास्त सलणारी गोष्ट हीच आहे, आणि तुमच्यासारख्यांचा पैसा ती थेट थांबवू शकतो. मृत्युपत्रातून आलेल्या पैशाला आर्थिक वर्षअखेरीची घाई नसते, दर तिमाहीला आकडे मागणारा कोणी पाठीशी नसतो. तो पैसा सावकाश, मुलाच्या गतीने खर्च करता येतो.

या कामाला पैसा किती कमी मिळतो तेही सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ वर्षं वयाच्या दर सात मुलांमागे एकाला मानसिक विकार असतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत असं दिसलं, की आयुष्यात कधी ना कधी मानसिक आजार होणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांचा आजार वयाच्या १४ व्या वर्षापर्यंत सुरू झालेला होता आणि पाऊण लोकांचा २४ व्या वर्षापर्यंत. असं असूनही सरकारं आरोग्यावर जो खर्च करतात त्यात मानसिक आरोग्याचा वाटा जगभरात साधारण २ टक्क्यांच्या आसपासच आहे, आणि मुलांच्या वाट्याला त्यातलाही तुकडाच येतो. हे क्षेत्र सुरुवातीपासून खासगी दानावर उभं राहिलं आहे आणि त्याचा इतिहास तुमच्या प्रश्नाशी अगदी जवळून जोडलेला आहे.

१९०९ साली शिकागोत विल्यम हीली या डॉक्टरांनी बालन्यायालयात आणलेल्या मुलांना समजून घेण्यासाठी एक केंद्र सुरू केलं. एथेल डमर या बाईंनी त्याचा पाच वर्षांचा खर्च उचलला. पाच वर्षं माणसांना निश्चिंतपणे काम करता यावं एवढीच त्यामागची सोय होती. काम दिसल्यावर तो खर्च सरकारी तिजोरीतून होऊ लागला. पुढे १९१८ मध्ये ॲना हार्कनेस यांनी दिवंगत पतीच्या संपत्तीतून कॉमनवेल्थ फंड स्थापन केला. मानवजातीच्या भल्यासाठी काहीतरी करावं, इतकाच त्याचा मोघम उद्देश होता. त्या मोघमपणामुळेच पुढच्या दशकात फंडाला अमेरिकेतल्या अनेक शहरांत बालमार्गदर्शन केंद्रं, म्हणजे मुलांच्या मानसिक अडचणी पाहणारे दवाखाने, उभी करता आली. १९२९ मध्ये लंडनचं बालमार्गदर्शन केंद्र आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला मानसोपचार समाजकार्याचा अभ्यासक्रम याच पैशातून सुरू झाले. केंद्रासोबत माणसं घडवण्याचीही सोय केली, ही त्यांची दूरदृष्टी. त्या लंडनच्या केंद्रात १९३६ पासून जॉन बोल्बी हे मानसोपचारतज्ज्ञ काम करत होते. आईपासून तुटलेल्या मुलांचं काय होतं, हे त्यांनी तिथे आलेल्या मुलांमध्ये पाहिलं. आज जगभर अनेक रुग्णालयं आईला आजारी मुलाजवळ थांबू देतात, त्यामागे त्यांच्या त्या निरीक्षणांचा मोठा हात आहे.

आपल्याकडचं उदाहरण मला त्याहून जवळचं वाटतं. सर दोराबजी टाटा यांनी १९३२ मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी, आपली संपत्ती ट्रस्टच्या नावे केली. ट्रस्टचा उद्देश त्यांनी मुद्दाम मोठा ठेवला होता: प्रदेश, राष्ट्र, धर्म असा भेद न करता विद्या, संशोधन, दुःखनिवारण आणि इतर धर्मादाय कामं. मुलांच्या मनाचा त्यात कुठे उल्लेखही नव्हता. त्या ट्रस्टच्या पैशातून १९३६ मध्ये मुंबईत समाजकार्याचं शिक्षण देणारी संस्था निघाली, तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. १९३७ मध्ये तिने बालमार्गदर्शन केंद्र सुरू केलं. भारतातल्या अशा सुरुवातीच्या केंद्रांमध्ये त्याची गणना होते. देणारा गेल्यावर पाच वर्षांनी, त्याच्या मनातही नसलेली गोष्ट त्याच्या पैशातून उभी राहिली, कारण त्याने पुढच्या माणसांच्या शहाणपणाला जागा ठेवली होती.

याच्या उलट फिलाडेल्फियातले व्यापारी स्टीफन जिरार्ड यांनी केलं. ते १८३१ मध्ये वारले. गरीब अनाथ मुलांच्या निवासी शाळेसाठी त्यांनी प्रचंड संपत्ती ठेवली. हेतू उत्तम होता आणि १८४८ मध्ये सुरू झालेली ती शाळा आजही चालू आहे. पण मृत्युपत्रात त्यांनी लिहून ठेवलं, की मुलं गोरी असावीत आणि मुलगेच असावेत. कोणत्याही पंथाच्या धर्मगुरूने आवारात पाऊल ठेवू नये, अशीही अट होती. वर्णाच्या अटीवर वर्षानुवर्षं कोर्टबाजी झाली. कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश मिळाला तो १९६८ मध्ये आणि मुलींना १९८४ मध्ये. दात्याच्या मृत्यूनंतर दीडशे वर्षं शाळा त्याच्या वाक्यांत अडकून राहिली.

तुम्ही अशा अटी घालणार नाही, हे मला ठाऊक आहे. आमच्या क्षेत्रातल्या अटी सभ्य दिसतात, म्हणून त्या जास्त फसव्या असतात. निदानाच्या नावाचंच घ्या. 'अ‍ॅस्पर्जर सिंड्रोम' (स्वमग्नतेचा एक प्रकार) हे निदान अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या नियमावलीत १९९४ मध्ये आलं आणि २०१३ च्या आवृत्तीतून स्वतंत्र निदान म्हणून गेलं. एखाद्याने २००० साली फक्त अ‍ॅस्पर्जर असलेल्या मुलांसाठी पैसे ठेवले असतील, तर आज विश्वस्तांना ते पैसे कोणावर खर्च करायचे हे ठरवायला वकील लागेल. 'पैसा फक्त मुलांवरच खर्च व्हावा' हे वाक्य तर मी अनेकदा वाचतो. वाचायला चांगलं वाटतं, पण लहान मुलांच्या वर्तनाच्या तक्रारींवर सगळ्यात परिणामकारक ठरलेला उपाय म्हणजे पालकांचं प्रशिक्षण. बाळंतपणानंतर आईला नैराश्य आलं असेल तर बाळासाठी करण्याजोगी पहिली गोष्ट म्हणजे आईवर उपचार. किशोरवयीन मुलीने खाणं सोडलं असेल तर उपचाराला सगळं कुटुंब बसवावं लागतं. मुलांच्या मानसोपचाराचा मोठा भाग मोठ्यांसोबत घडतो. शब्दशः घेतलं तर तुमचं ते वाक्य यातल्या प्रत्येक ठिकाणी आडवं येईल.

मशिनं, अमुक एक चाचणी, अमुक एक उपचारपद्धती, अमुक एक गाव यांनाही हेच लागू आहे. तुम्ही आज मृत्युपत्र करताय आणि देव करो, ते उघडायला अजून वीस-पंचवीस वर्षं जावोत. तोवर कोणती पद्धत टिकेल आणि कुठल्या गावात मुलं उरतील, हे कोणालाच सांगता येणार नाही.

म्हणून मी दोन कागद करायला सांगतो. मृत्युपत्रात उद्देश रुंद आणि स्वच्छ ठेवायचा. त्यासोबत संस्थेला उद्देशून एक साधं पत्र लिहायचं. त्यात मनातलं सगळं मोकळेपणाने येऊ द्या: वर्गातली ती मुलं, खेळघराची कल्पना, शाळांशी जोडलेलं काम व्हावं ही इच्छा. हे पत्र बंधनकारक नाही असं त्यात स्पष्ट नमूद करायचं. कायदा मृत्युपत्र पाहतो, माणसं पत्र वाचतात. अनुभव असा, की चांगले विश्वस्त त्या पत्राला फार मानतात. आमच्या सभेत एखाद्या निधीबद्दल मतभेद झाले की कोणीतरी ते पत्र काढून मोठ्याने वाचतं आणि बहुतेक वेळा तिथेच निर्णय होतो.

मृत्युपत्रातलं कलम साधारण असं असावं. तुमच्या वकिलांनी ते तिथल्या कायद्याच्या भाषेत बसवायचं. यातला व्यवस्थापक म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे वाटणी करून देण्यासाठी तुम्ही नेमलेला माणूस:

"वरील देणी भागवल्यानंतर उरलेल्या माझ्या सर्व मालमत्तेचा ... टक्के हिस्सा मी ... या नोंदणीकृत संस्थेला (नोंदणी क्रमांक ...) देते. संस्थेने तो मुलांच्या व किशोरवयीनांच्या मानसिक आरोग्यासाठी, त्यांच्या पालकांना व काळजी घेणाऱ्यांना साहाय्य करण्यासाठी आणि हे काम करणाऱ्या व्यक्तींचं वेतन, प्रशिक्षण व मार्गदर्शन यांसाठी योग्य वाटेल तसा वापरावा. त्या वेळी ही संस्था अस्तित्वात नसेल, दुसऱ्या संस्थेत विलीन झालेली असेल किंवा हे काम करत नसेल, तर माझ्या व्यवस्थापकाने हा हिस्सा याच उद्देशाच्या दुसऱ्या संस्थेला द्यावा."

यातल्या तीन गोष्टी वकिलांनी गाळल्या तरी तुम्ही आग्रह धरा. पहिली म्हणजे नोंदणी क्रमांक. एकसारख्या नावाच्या संस्था भरपूर असतात आणि नुसत्या नावावरून दोन संस्था एकाच वारशावर हक्क सांगायला उभ्या राहतात. दुसरी, वेतन हा शब्द. तो लिहिलेला नसला की कोणीतरी सावध हिशेबनीस 'पगार म्हणजे प्रशासकीय खर्च' म्हणून अडवतो आणि पैसा पुन्हा भिंतींना रंग द्यायला जातो. तिसरी, संस्था बंद पडली तर काय, हे शेवटचं वाक्य. ते नसेल तर पैसा कोर्टात जाऊन बसण्याची किंवा वारसांकडे परत जाण्याची शक्यता असते.

रक्कम की टक्केवारी, याबद्दल माझं मत पक्कं आहे: टक्केवारी. ठरावीक रक्कम महागाईत विरघळते. महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर पैशाची किंमत साधारण १२ वर्षांत निम्मी होते. आज एका समुपदेशकाचा तीन वर्षांचा पगार निघेल अशी रक्कम लिहिली, तर २४ वर्षांनी तिच्यात जेमतेम नऊ महिने निघतील. टक्केवारीचा आणखी एक फायदा तुम्हाला स्वतःला आहे. पुढे आजारपणात खर्च झाला आणि मालमत्ता आटली, तर भाचे आणि संस्था दोघांचे वाटे आपोआप त्या प्रमाणात कमी होतात. ठरावीक रकमेत आधी ती रक्कम जाते आणि उरलेल्यावर भागवायची पाळी ज्याच्यावर येते तो नाराज होतो. 'उरलेल्या मालमत्तेचा हिस्सा' हा प्रकार म्हणूनच बरा: आधी कर्ज, उपचार, अंत्यविधी यांचा खर्च, मग जे उरेल त्यात भाच्यांचे आणि संस्थेचे टक्के.

घराचा प्रश्न वेगळा आहे. 'माझं राहतं घर संस्थेला' असं लिहू नका. उद्या तुम्ही ते विकून लहान घरात किंवा वृद्धनिवासात गेलात, तर मृत्युपत्रातलं ते घर उरलेलंच नसतं आणि बऱ्याच ठिकाणच्या कायद्यात ती देणगी तिथेच रद्द होते. घर उरलं तरी संस्थेच्या गळ्यात कर, दुरुस्ती, भाडेकरू आणि कधी कधी हक्काचे वाद पडतात. मुलांवर उपचार करणाऱ्या माणसांनी पाणीगळतीच्या तक्रारी सोडवत बसावं, असं तुम्हाला नक्कीच वाटणार नाही. घर विकून आलेला पैसा वाटावा, असा अधिकार व्यवस्थापकाला द्या. शेअरचंही तसंच करा.

लोक विचारतात, पैसा कायम निधी म्हणून ठेवावा की खर्चून टाकावा? मुद्दल शाबूत राहून व्याजावर काम चालावं, ही कल्पना सगळ्यांनाच आवडते. आकडा मांडून पाहू. महागाईला पुरून उरायचं तर दरवर्षी मुद्दलाच्या ४ टक्क्यांच्या आसपासच काढता येतात. म्हणजे एका समुपदेशकाची जागा कायमची भरायची असेल तर तिच्या वर्षाच्या एकूण खर्चाच्या पंचवीसपट मुद्दल लागेल. तेवढं असेल तर जरूर कायम निधी करा. त्यापेक्षा बरंच कमी असेल तर कायम निधीतून वर्षाकाठी जे निघेल त्यात दोन-चार शिबिरांपलीकडे काही होत नाही, आणि शिबिरांनी मुलं बरी होत नाहीत. त्याऐवजी तीच रक्कम चार-पाच वर्षांत पूर्ण खर्चू द्या. शिकागोचं उदाहरण त्यासाठीच सांगितलं. पाच वर्षं एक जागा भरलेली राहिली तर तेवढ्या काळात संस्था त्या जागेची गरज सिद्ध करून पुढचा पैसा उभा करू शकते. तुमच्या पत्रात एवढंच लिहा: 'हा पैसा किमान तीन वर्षं एकाच कामावर टिकेल असा वापरावा.' मुलांच्या दृष्टीने ते एक वाक्य तुमच्या सगळ्या मालमत्तेइतकं मोलाचं आहे.

कशावर खर्च व्हावा हे मला विचारलंत तर मी प्रशिक्षणाच्या बाजूने बोलेन. मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ जगात सगळीकडेच कमी आहेत आणि ते एका दिवसात तयार होत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ पासून जो कार्यक्रम चालवला आहे त्याचा भर यावरच आहे, की तज्ज्ञ नसलेल्या परिचारिका, डॉक्टर, आरोग्यसेविका यांना शिकवून नेहमीचे मानसिक आजार ओळखण्याइतकं आणि सुरुवातीचा उपचार करण्याइतकं तयार करायचं. पण शिकवून सोडून दिलं तर सहा महिन्यांत सगळं विसरलं जातं. त्यांच्यामागे नियमित फोनवर, महिन्यातून एकदा समोर, अडलेल्या मुलांबद्दल बोलायला कोणीतरी अनुभवी माणूस हवा. त्या माणसाचा पगार कोणी देत नाही. तुम्ही शिक्षिका आहात, म्हणून तुम्हाला हे पटकन कळेल: वर्गात एखादं मूल गप्प होऊ लागलं की ज्या शिक्षिकेला कोणाला फोन करायचा हे ठाऊक असतं, ती आधी पाऊल उचलते. तो फोन उचलणारा माणूस कायम जागेवर असणं म्हणजेच सेवा. तुम्हाला खेळघर सुचलं त्यामागे मला हीच ओढ दिसते.

संस्था निवडताना मात्र घाई नको. आल्फ्रेड नोबेल यांची गोष्ट यासाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्यांनी २७ नोव्हेंबर १८९५ ला वकिलाची मदत न घेता मृत्युपत्र केलं आणि बक्षिसं ठरवायचं काम ज्या संस्थांवर सोपवलं त्यांना विचारलंसुद्धा नाही. पुढच्या वर्षी ते वारले. नातेवाइकांनी आव्हान दिलं, त्या संस्था हे काम घ्यावं की नाही अशा विचारात पडल्या आणि पहिली बक्षिसं दिली गेली ती १९०१ साली. त्यांची संपत्ती एवढी मोठी होती म्हणून हे सगळं निभावलं. आपल्यासारख्यांचा लहान वारसा अशा घोळात वकिलांच्या फीमध्येच संपतो.

तेव्हा संस्थेशी आत्ताच बोला. हिशेब मागा, देतात का पाहा. पुढे त्यांच्या माणसांबद्दल विचारा: समुपदेशक सरासरी किती वर्षं टिकतात? त्यांना सुपरव्हिजन कोण देतं, आठवड्याला किती तास? नवीन मुलाला पहिल्या भेटीसाठी किती दिवस थांबावं लागतं? फी न परवडणाऱ्या मुलाचं काय करता? एखाद्या कर्मचाऱ्याने मुलाशी गैरवर्तन केलं तर तक्रार कुठे जाते? या शेवटच्या प्रश्नावर जी संस्था चाचरते, तिला एक पैसाही देऊ नका. दुसरी एक खूण: संस्थेने तुम्हाला खूश करायला मुलांचे चेहरे दिसणारे फोटो किंवा नावासकट गोष्टी दाखवल्या, तर तिथूनही उठा. मुलाची गुप्तता जी संस्था देणगीसाठी मोडते ती आणखी कशासाठीही मोडेल. चांगली संस्था तुम्हाला मुलं दाखवणार नाही. रिकामी खोली दाखवेल आणि काम समजावून सांगेल.

शक्य असेल तर दोन-तीन वर्षं थोडी थोडी देणगी हयातीतच देऊन पाहा. पत्राला उत्तर देतात का, सांगितलं तसं खर्चतात का, अडचण आली तर आपणहून सांगतात का, हे त्यातून जितकं कळतं तितकं कोणत्याही अहवालातून कळत नाही. दोन संस्थांमध्ये मन अडकलं असेल तर दोघींना वाटून द्या, पण पाच-सहा तुकडे करू नका. इतक्या लहान तुकड्यांत कोणाचीच जागा भरत नाही.

नावाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी बहुतेकांच्या मनात ते असतं. निधीला तुमचं किंवा तुमच्या आईचं नाव द्यायला काहीच हरकत नाही. एखादं मूल गमावलेल्या कुटुंबांना तर त्याच्या नावाने असं काही चालू राहिलं की खरा आधार मिळतो. एवढंच पाहावं, की ते नाव एखाद्या प्रशिक्षणार्थीच्या शिष्यवृत्तीला किंवा जागेला जोडलं जावं आणि उपचाराच्या खोलीच्या दारावर मृत्यूची गोष्ट लिहिली जाऊ नये. आत येणारं मूल ती पाटी वाचतं.

कायद्याच्या बाबतीत तुमच्या ठिकाणचा वकील लागेलच, कारण नियम फार बदलतात. फ्रान्समध्ये एक मूल असेल तर निम्मी मालमत्ता, दोन असतील तर दोन तृतीयांश आणि तीन किंवा अधिक असतील तर तीन चतुर्थांश मालमत्ता मुलांसाठी राखीव असते. मुस्लिम वैयक्तिक कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय साधारणपणे एक तृतीयांशाहून जास्त मृत्युपत्राने देता येत नाही. हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत फक्त स्वतःच्या वाट्यापुरतंच लिहिता येतं. इंग्लंडसह अनेक ठिकाणी साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला काही दिलं असेल तर ती देणगी बाद होते, म्हणून भाच्यांना किंवा संस्थेच्या माणसांना साक्षीला उभं करू नका. विमा, निवृत्तिवेतन, बँकेतली ठेव यांवर लावलेलं नॉमिनीचं नाव मृत्युपत्रापेक्षा वेगळं असेल तर भांडण होतं. काही देशांत नॉमिनी मालक होतो, काही ठिकाणी तो फक्त पैसे ताब्यात घेऊन वारसांना देणारा असतो. तुमच्याकडे काय आहे ते विचारा आणि दोन्ही कागद जुळवून घ्या. कर किती वाचेल तेही वकिलांनाच विचारा, त्यासाठी संस्थेची नोंदणी चालू असावी लागते.

राहिले भाचे. त्यांना सांगा, आणि आत्ताच सांगा. मृत्युपत्रांवरचे जे वाद माझ्यासमोर आले त्यांत पैशाच्या लोभाने झालेले कमी होते. जास्त होते ते 'मावशीने आम्हाला सांगितलंसुद्धा नाही' या दुखावलेपणातून झालेले. दोघांना एकत्र बसवा. त्यांना काय मिळणार आहे ते आधी सांगा, उरलेलं कुठे जाणार आहे ते नंतर. वर्गातल्या त्या मुलांबद्दल सांगा, कदाचित त्यांनी ते तुमच्या तोंडून कधी ऐकलंही नसेल. त्यांच्यातल्या एकाला व्यवस्थापक नेमायचं असेल तर त्याला आधी विचारा आणि जोडीला एक बाहेरचा, वयाने लहान माणूस ठेवा. आपल्याच वयाची मैत्रीण नेमली तर ती आपल्याआधी जाऊ शकते. तुम्ही पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दबावाखाली न येता हे केलंत, याची डॉक्टरांची चिठ्ठी त्याच दिवशी घेऊन ठेवली तर पुढे कोणाला शंका घ्यायला जागा राहत नाही.

मृत्युपत्र दर तीन-चार वर्षांनी काढून वाचा. संस्थेचं नाव, पत्ता, नोंदणी बदलली असेल किंवा तुमचं मन बदललं असेल, तर नवीन करा आणि जुनं रद्द केल्याचं त्यात लिहा. मूळ प्रत कुठे आहे हे व्यवस्थापकाला माहीत असू द्या. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवायची असेल तर तो तुमच्या पश्चात कोणाला उघडता येतो ते आधी पाहा, नाहीतर मृत्युपत्र आत आणि ते असल्याशिवाय लॉकर उघडत नाही, अशी अडचण होते. संस्थेला मृत्युपत्राची प्रत द्यायची गरज नाही. तुमच्याकडून काहीतरी येणार आहे आणि ते कशासाठी आहे, एवढं त्यांच्या विश्वस्तांना माहीत असलं तरी ते त्या जागेसाठी माणूस तयार करायला आजपासून लागू शकतात.